गोदीच्या स्फोटावर माहितीपट करताना

"पण हे युद्ध कुठे आहे? हा तर अपघात." माहितीपटासाठी पैसे मागायला गेले होते, तेव्हा एका वाहिनीच्या अधिकाऱ्यांनी मला पहिल्या दोन मिनिटांतच अडवलं. विषय होता १४ एप्रिल १९४४ला मुंबईच्या गोदीत झालेला स्फोट आणि त्यात होरपळलेली साधी माणसं. युद्ध म्हटलं की सैनिक, रणगाडे, सीमा. वाडी बंदरच्या चाळीतली बाई त्यात बसत नव्हती.

त्यांना जे सांगितलं ते इथेही सांगते, कारण पुढचा सगळा माहितीपट त्यावरच उभा राहिला. 'फोर्ट स्टिकीन' ही बोट फेब्रुवारी १९४४मध्ये इंग्लंडातल्या बर्कनहेडहून निघाली. पोटात सुमारे १४०० टन दारूगोळा, लढाऊ विमानं आणि सोनं. वाटेत कराचीला तिच्यावर कापसाच्या ८७०० गाठी, लाकूड, गंधक, वंगणतेल असं बरंच काही चढवलं. कापूस आणि दारूगोळा एकाच बोटीत, तोही एकावर एक. १२ एप्रिलला ती मुंबईत आली आणि व्हिक्टोरिया डॉकच्या एक नंबर धक्क्याला लागली. १४ तारखेला, शुक्रवारी, दुपारी धूर दिसला. ९०० टनांहून जास्त पाणी मारलं तरी आग कुठे लागली आहे तेच सापडेना. चार वाजून सहा मिनिटांनी बोट फुटली, आणि साधारण अर्ध्या तासाने पुन्हा एकदा. दूर सिमल्यात भूकंपमापकावर त्याची नोंद झाली. 'जलपद्म' नावाची शेजारची बोट उचलून धक्क्यावर फेकली गेली.

चौकशीत नोंदवलं गेलं, की कापूस दारूगोळ्याखाली ठेवायला नको होता, धोक्याचा माल असल्याचा लाल बावटा लावला नव्हता, माल उतरवायला उशीर झाला, अग्निशमन दलाला वर्दीही उशिरा दिली. नुकसानीची जबाबदारी सरकारने घेतली आणि भरपाई दिली. हा दारूगोळा मुंबईकरांनी मागवला नव्हता. युद्धासाठी आलेला माल डोंगरी, मांडवी, दाणाबंदरच्या वस्तीला खेटून उभा केला गेला आणि वस्ती जळाली. याला मी युद्धच म्हणते. अधिकाऱ्यांना ते पटलं नाही. पैसे शेवटी थोडे मित्रांकडून, थोडे एका शिष्यवृत्तीतून आणि बाकी लग्नांच्या व्हिडिओंच्या एडिटिंगमधून उभे केले.

पहिली अडचण चित्रांची होती. स्फोट आणि त्यानंतरच्या मुंबईचं चित्रण सुधीश घटक या छायालेखकांनी केलं होतं. दिग्दर्शक ऋत्विक घटक यांचे ते थोरले भाऊ. ते चित्रण लष्करी अधिकाऱ्यांनी जप्त केलं. काही भाग नंतर वृत्तपटात दाखवला गेला, तेवढाच. बातमीचंही तसंच. जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओने दुसऱ्या दिवशी स्फोटाची सविस्तर बातमी दिली, पण इथल्या सेन्सॉरने बाहेर बातमी पाठवायची परवानगी दिली ती मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात. शहराच्या पूर्व भागात तीन दिवस आग धुमसत होती आणि लोकांना नक्की काय झालंय हे सांगणारं कुणी नव्हतं. जपानने बॉम्ब टाकला असंच बहुतेकांना वाटलं. सामान डोक्यावर घेऊन माणसं निघाली, कोकणातली बंदराकडे, घाटावरची बोरीबंदर स्टेशनकडे.

मला ज्यांनी हे सांगितलं ते सगळे आज नव्वदीच्या आसपासचे. त्यांना शोधण्यातच माहितीपटाचा निम्मा वेळ गेला, आणि तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. सुरुवात भायखळ्याला अग्निशमन दलाच्या मुख्यालयापासून केली. या स्फोटात दलाचे ६६ जवान गेले. १४ एप्रिलपासून देशभर अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात तो त्यांच्याच आठवणीत. स्मारकाला फुलं वाहायला आलेल्या कुटुंबांपैकी काहींशी ओळख झाली. तिथून पुढे जुने गोदी कामगार, त्यांचे मुकादम, मुकादमांचे जावई, गावच्या मंडळांचे सेक्रेटरी अशी साखळी लागत गेली. माझगावच्या एका चाळीत रात्री साडेनऊ वाजता गॅलरीत पंधरा माणसं जमली होती, कारण "पिक्चरवाली बाई" गोदीबद्दल विचारायला येणार हे आधीच पसरलं होतं.

मी विचारायची, "त्या दिवसाबद्दल काय ऐकलंत?" जवळपास प्रत्येकजण सोन्यापासून सुरुवात करायचा. सोन्याच्या विटा आकाशातून पडल्या. अमक्याच्या छपरातून वीट आत आली. तमक्याने ती लपवली आणि मग त्याचं भलं झालं. ऐकताना मजा येते, खोटंही सगळं नाही. सोनं खरंच उडालं, एक वीट एका पारशी गृहस्थाच्या घरात पडली आणि त्यांनी ती परत केली. पुढे कित्येक वर्षं गोदीचा गाळ उपसताना विटा निघत राहिल्या आणि त्या ब्रिटिश सरकारला पोचत्या केल्या गेल्या. पण तासभर सोन्यावर बोलून झालं तरी त्याच माणसाच्या आत्याचं काय झालं ते निघायचं नाही. ऐंशी वर्षांत या घटनेची जी गोष्ट तयार झाली, तिच्यात सोन्याची वीट नीट मोजलेली आहे आणि माणसं अंदाजाने. म्हणून ठरवलं की आमच्या माहितीपटात सोन्याला एका वाक्यापेक्षा जास्त जागा द्यायची नाही.

मग प्रश्नच बदलला. स्फोटाबद्दल विचारणं थांबवलं. त्या दिवशी सकाळी घरात काय शिजलं होतं, पाणी कुठून भरायचे, वडील कुठल्या पाळीला जायचे, असं विचारू लागले. माणूस घरात शिरला की दिवस त्याला आपोआप सापडतो, आणि तो आपल्या चालीने चार वाजेपर्यंत येतो. थांबायचं की नाही हेही त्यालाच ठरवता येतं.

असं करत एका आजींपर्यंत पोचलो. नाव देत नाही, त्यांची तशी इच्छा आहे. तेव्हा त्या नऊ वर्षांच्या होत्या. वडील सातारकडचे, गोदीत मुकादमाच्या टोळीत कामाला. त्या दिवशी बाबासाहेबांची जयंती. चाळीत संध्याकाळी भजन आणि भाषण ठरलं होतं, आईने सकाळीच गूळ आणून ठेवला होता. १९४३पासून मुंबईत रेशनिंग, त्यामुळे गूळ आला याचंच मुलांना कौतुक. "बाबा म्हणले, पाळी सुटली की येतो, मग गूळ फोडू," आजी म्हणाल्या. त्या जिन्यात सागरगोटे खेळत होत्या. पहिल्या स्फोटाचा आवाज त्यांना आठवत नाही. आठवतं ते असं: "जिना हालला. गोटे घरंगळत खाली गेले. मी ते आणायला खाली गेले तर वरनं कापूस पडत होता, पेटलेला. आईचं लुगडं दांडीवर वाळत होतं, त्याच्यावर पडला. मला वाटलं आता आई मारणार."

हे पहिल्या बैठकीतलं, कॅमेऱ्याशिवायचं. कॅमेरा नंतर आणला. आजींच्या डाव्या कानाला ऐकू येत नाही म्हणून मी उजवीकडे, लेन्सला चिकटून बसायचे. लेपल माइक पदराला लावला की खळीच्या सुती पातळाची खरखर यायची, तेव्हा आमच्या रेकॉर्डिस्टने बूम, म्हणजे लांब दांडीवरचा माइक, हातात धरला आणि संपूर्ण मुलाखत तसाच धरून उभा राहिला. आवाजासाठी पंखा बंद करायचा हा आमच्या धंद्यातला रिवाज. एप्रिलच्या दुपारी नव्वदीच्या बाईला पंख्याशिवाय बसवणं आम्हाला पटलं नाही. पंखा चालू ठेवला, त्याचा आवाज वेगळा टिपून घेतला आणि एडिटमध्ये जेवढा कमी करता आला तेवढा केला. माहितीपटात तो ऐकू येतो. येऊ दे.

पहिल्या शूटनंतर सूनबाईंचा फोन आला. आजी रात्रभर झोपल्या नाहीत, दोनदा उठून गॅस बंद आहे का बघून आल्या. "ताई, आता नका येऊ," त्या म्हणाल्या. आम्ही गेलो नाही. शूटचं वेळापत्रक, भाड्याचा कॅमेरा, सगळं पुढे ढकललं. आम्ही एक संमतीपत्र मराठीत लिहिलं होतं. ते प्रत्येकाला वाचून दाखवायचो आणि त्यातलं एक कलम पुन्हा पुन्हा सांगायचो, की अंतिम कट होईपर्यंत कधीही, कारण न देता, आपलं बोलणं मागे घेता येईल. आजींनी ते घेतलं असतं तर आमचा माहितीपटच उरला नसता, हे मला आणि एडिटरला दोघांनाही माहीत होतं. तरी कलम राहिलं. काही आठवड्यांनी फोन आला तो आजींचाच. "पोरी, तू मधेच सोडून गेलीस. आईचं सांगायचं राह्यलंय माझं."

आईचं सांगण्यासाठी त्यांनी ट्रंकेतून एक कागद काढला. भरपाईच्या अर्जाची नक्कल. घड्या पडून चार तुकडे झालेले, मागून चिकटपट्टी लावून कुणीतरी जोडलेले. त्यांची चाळ दुसऱ्या दिवशी जळाली होती, त्या सामानाची ही यादी. टंकलेखन करणाऱ्याकडून इंग्रजीत करून घेतलेली, खाली आईचा डाव्या हाताचा अंगठा, शाई पसरलेली. तांब्याचा हंडा एक. पितळी डबे तीन. लोखंडी पेटी एक. लुगडी चार. गोधड्या. पाटा-वरवंटा. प्रत्येकापुढे रुपये-आणे. आणि सगळ्यात शेवटी, जेवणाचा डबा एक. त्या ओळीवर पेनने आडवी रेघ.

तो डबा वडील सकाळी गोदीत घेऊन गेले होते. वडील परत आले नाहीत, डबाही आला नाही. आई जे.जे.मध्ये आणि सेंट जॉर्जमध्ये रोज जायची, ओळख पटेल असं काही मिळालं नाही. यादी करायची वेळ आली तेव्हा तिने डबाही लिहायला सांगितला. कागद तपासणाऱ्या साहेबाने विचारलं, हा घरातून गेला का? आई म्हणाली, नाही, गोदीतून. साहेबाने रेघ मारली. वडिलांसाठी वेगळा अर्ज, वेगळं ऑफिस, आणि ते गोदीत होते याचा पुरावा. टोळीतली माणसं मुकादम सकाळी घेऊन जायचा. मुकादमही गेला होता.

ती रेघ आम्ही खिडकीच्या उजेडात टिपली. वेगळा दिवा लावला नाही. टंकलेखनाच्या अक्षरांचा ठसा कागदाच्या मागे उमटलेला दिसतो इतक्या जवळून. एडिटरने हा शॉट आधी सात सेकंद ठेवला होता. मी तो वाढवत गेले. यादी वाचायला जितका वेळ लागतो तितका तरी तो पडद्यावर असला पाहिजे, असा माझा हट्ट होता, कारण प्रेक्षकाने शेवटच्या ओळीपर्यंत स्वतः पोचायला हवं.

आजी रडल्या का, हे मला नंतर अनेकांनी विचारलं. रडल्या. कॅमेरा चालू होता, आम्ही तो बंद केला. जेवढं टिपलं गेलं तेवढंही वापरलं नाही. पुढे एका प्लॅटफॉर्मच्या लोकांनी रशेस, म्हणजे न कापलेलं चित्रण, बघून तोच क्लोज-अप ट्रेलरला मागितला. मी दिला नाही, व्यवहार तिथेच संपला. गाझा, मारियुपोल, खार्तूम अशा युद्धात होरपळलेल्या ठिकाणच्या रडणाऱ्या आयांचे चेहरे आपल्या फोनवर रोज येतात. मीही बघते, मलाही घशात आवंढा येतो, आणि पुढच्या मिनिटाला बोट सरकतं. त्या बाईचं घर कसं होतं, तिने काय शिजवलं होतं, ती कुठल्या ऑफिसात कुठला कागद घेऊन रांगेत उभी आहे, हे मला कळत नाही. चेहरा बघितला म्हणजे त्या बाईला समजून घेतलं असं आपल्याला वाटतं, आणि तिथेच आपण थांबतो. आजींचं रडणं मला त्या ढिगात टाकायचं नव्हतं.

स्फोटाचा आवाज ही शेवटपर्यंत वादाची गोष्ट राहिली. साउंड डिझायनर गुणी माणूस, त्याने तीन थर चढवून असा धमाका बनवला की खुर्चीत हादरा बसायचा. स्टुडिओत ऐकला तेव्हा आम्हा सगळ्यांच्या अंगावर काटा आला, आणि त्यात थोडी मजाही होती. ती मजाच नको होती. ज्या बाईला आवाज आठवत नाही तिच्या आठवणीला मी धमाका लावू कसा? शेवटी चार वाजून सहा मिनिटांच्या जागी आजींचं बोलणं तसंच पुढे चालू ठेवलं. मागे आजची चाळ: कुकरची शिट्टी, खालून जाणारी हातगाडी, पंखा. दुसऱ्या महायुद्धातल्या इतर शहरांच्या बॉम्बफेकीची चित्रणं विकत मिळत होती, तीही घेतली नाहीत. संगणकाकडून १९४४ची जळती मुंबई हुबेहूब बनवून घ्या, असा सल्लाही मिळाला. लष्कराने नेलेल्या चित्रणाची जागा बनावट चित्रणाने भरली, तर त्यानंतर आजींचा कागद खरा आहे यावर कुणी का विश्वास ठेवावा?

मग दाखवायचं काय? व्हिक्टोरिया डॉक आता डॉक राहिलेला नाही, तो बुजवलाय. बंदराच्या हद्दीत कॅमेरा नेण्याच्या परवानगीसाठी बऱ्याच चकरा झाल्या, त्या सांगण्यात अर्थ नाही. बुजवलेली सपाट जमीन, दूरवर क्रेन, एवढंच टिपलं. बाकी वेळ कॅमेरा वस्तीत फिरला. पी. डिमेलो रोडला मालट्रक माघारी घेताना, दाणाबंदरात पोती वाहताना. स्फोटानंतर ८००० माणसांनी सात महिने राबून सुमारे पाच लाख टन ढिगारा उपसला आणि गोदी पुन्हा चालू केली, ती कसली मेहनत असेल हे पाठीवर पोतं घेतलेल्या माणसाकडे पाहून थोडं तरी कळतं.

मृतांच्या आकड्यावर मी सगळ्यात जास्त अडले. काही ठिकाणी ८००हून जास्त म्हटलंय, काही ठिकाणी १३००च्या आसपास. गोदीशी आणि अग्निशमन दलाशी संबंधित २३१ जण. नागरिक ५००हून अधिक. जखमी २५००हून जास्त. बुडालेल्या-जळालेल्या बोटी, कापसाच्या गाठी, धान्याचे टन यांच्या नोंदी मात्र बऱ्याच नेमक्या सापडतात, कारण मालाला मालक होता, विमा होता, पावती होती. रोजंदारीवर आलेला, गावाकडून आठवड्यापूर्वी उतरलेला, झोपडीत भाड्याने राहणारा माणूस कुठल्या वहीत असणार? मित्र म्हणाले, एक आकडा घे आणि पुढे जा, प्रेक्षक गोंधळतो. मी दोन्ही आकडे निवेदनात ठेवले आणि मधला फरक मोठ्याने वाचायला लावला. हा फरक पाचशे माणसांचा आहे. आजींचे वडील कदाचित या फरकातच आहेत.

पहिलं प्रदर्शन कुठे करायचं, ही आजींची अट होती. महोत्सवात नंतर जा, आधी आमच्यात दाखव. माझगावच्या त्याच चाळीच्या चौकात पांढरी चादर बांधून दाखवला. अग्निशमन दलातल्या जवानाचे चिरंजीव आले होते, गोदीतले निवृत्त कामगार आले होते, पोरं मोबाइल घेऊन मागे उभी. यादीचा शॉट आला तेव्हा पुढच्या रांगेतल्या एक बाई मोठ्याने वाचू लागल्या, हंडा, डबे, पेटी, आणि बाकीच्यांनीही त्यांच्याबरोबर वाचलं. नंतर त्याच बाई माझ्याजवळ आल्या. त्यांच्या माहेरी, राजापूरला, असाच एक कागद देवघरात ठेवलाय, काका गोदीत होते. कुणी वाचलेला नाही, इंग्रजीत आहे म्हणून.

राजापूरचा तो कागद मी जाऊन बघितला, फोटो काढून आणले, घरच्यांना मराठीत वाचून दाखवला. त्यानंतर गुहागर, जुन्नर, पाटण इथूनही निरोप आले. माहितीपट पूर्ण झालाय, सेन्सॉरचं प्रमाणपत्रही मिळालंय, पण हे काम थांबवता येत नाही असं दिसतंय. प्रत्येक घरी आम्ही कागद तिथेच ठेवतो, नक्कल घेतो, आणि जे सांगायला तयार असतील त्यांचं बोलणं न कापता जपून ठेवतो. तुमच्या घरी, ट्रंकेत किंवा माळ्यावर, १९४४चा गोदीचा काही कागद असेल, भरपाईचा अर्ज, मुकादमाची वही, गावाला पाठवलेलं पोस्टकार्ड, तर तो रद्दीत घालू नका. लॅमिनेट करू नका, त्याने कागद खराब होतो. आणि घरात त्या वेळचं कुणी असेल, तर आधी त्यांना विचारा, सकाळी काय शिजलं होतं.